टॉवेलाखालचं बोलणं

अप्पांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठीमागून.

विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली नव्हती, म्हणून गुलबर्ग्याजवळ, कडगंचीच्या अलीकडच्या एका गावात मी खोली बघायला गेले होते. घरमालकांच्या सूनबाईंनी, ज्यांना पुढे दोन वर्षं मी अक्का म्हणत राहिले, खोली दाखवली, नळ दाखवला, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. ओसरीवर बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. खांद्यावर लाल काठाचा पांढरा टॉवेल, डोळे बारीक केलेले. मी निघणार तेवढ्यात ते म्हणाले, "त्या फाटकापर्यंत जा आन परत ये."

मला वाटलं, फाटकापाशी काहीतरी बघायचं असेल. मी गेले, काही दिसलं नाही, परत आले. ते माझ्या पावलांकडे बघत होते.

"चाल बरी हाय. खांदे बी सारखे हाईत. मान तेवढी खाली घालती. आन रवंथ लई करती, तोंडानं काय बोलंना."

"मामा, ती भाडेकरू हाय, बैल न्हाई," अक्का सासऱ्यांवर ओरडल्या.

"ते मला दिसायलंय की. बैल असती तर दात बघितलो असतो."

खोली मला मिळाली.

अप्पा हेडी होते, म्हणजे बैलांच्या बाजारातले दलाल. उदगीरपासून हुमनाबादपर्यंतच्या बाजारांत त्यांनी आयुष्य काढलं होतं. गुडघ्यानं दगा दिल्यापासून ते घरी बसले होते, पण नजर मात्र घरी बसली नव्हती. दारातून जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासाठी बाजारात आणलेलं जनावर होता. लग्नपत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्याला ते म्हणाले होते, "नवरदेवाचा मागचा डावा पाय जरा आखडतोय का बगा." नवरदेवाला मागचे पाय नसतात हे पाहुण्यांना सांगता आलं नाही. पण नवरदेव मोटारसायकलवरून पडला होता, ते मात्र त्यांनी कबूल केलं.

एकदा गावात आरोग्य शिबिर भरलं. तरुण डॉक्टरांनी अप्पांची छाती तपासायला नळी काढली. अप्पा त्यांच्याभोवती अर्धी चक्कर मारून आले आणि म्हणाले, "सायेब, तुम्ही रोज एकाच खांद्यावर पिशवी अडकवायलाव. उजवी बाजू उतरली. असंच चाललं तर दोन वर्षांत जू धरणार न्हाई." डॉक्टर हसले. तासाभरानं पाहिलं तर पिशवी डाव्या खांद्यावर होती.

अप्पांना तीन भाषा उत्तम येत, आणि कामं वाटून दिलेली होती. घरात मराठी, व्यापाऱ्यांशी दखनी, आणि बैलांशी कन्नड. स्वतःच्या शरीराशीही ते कन्नडच बोलत. हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. पहाटे भिंतीपलीकडून आवाज यायचा, "एळो, एळ!" मला वाटायचं गोठ्यात बैल आहे. पण गोठा केव्हाच रिकामा झाला होता. अप्पा स्वतःला बाजेवरून उठवत असत. मग "नडी, नडी" करत स्वतःला न्हाणीघराकडे हाकत नेत.

शरीराला ते 'मी' म्हणत नसत. 'ह्यो' म्हणत. "मी कवाच तयार हाव, पर ह्योच उठायला न्हाई म्हणायलाय." "ह्येला काल भाकर जास्त झाली." ताप आला तर, "ह्येच्या अंगात कणकण हाय, मला काय न्हाई." सुरुवातीला मला प्रश्न पडायचा की घरात अजून कोण राहतं.

ह्याचं खाणंपिणं, विश्रांती सगळं बैलाच्या नियमानं चाले. आमच्याकडे सोमवारी बैलाला जुंपत नाहीत. अप्पा सोमवारी स्वतःलाही जुंपत नसत. त्या दिवशी ते दळण आणायला जाणार नाहीत, बादली उचलणार नाहीत, रेशनच्या दुकानात अंगठा द्यायलाही जाणार नाहीत. "सोमवारी जू न्हाई" म्हटलं की विषय संपला. अक्का म्हणत, "बैलांना एक सोमवार असतो. ह्यांना शुक्रवारी दुपारपासून सोमवार लागतो."

दातांचा हिशेब तर आणखी मजेशीर. बाजेच्या उशाशी एक छोटा गोल आरसा असायचा. रोज सकाळी त्यात बघून ते दात मोजत. सहा उरले होते. बैलांच्या बाजारात सहादाती म्हणजे ऐन उमेदीतलं जनावर. सगळे दात आले की बैल जुळला म्हणतात, आणि तिथून त्याचं वय उतरणीला लागतं. "मी अजून जुळलो बी न्हाई," अप्पा आरसा पालथा घालत समाधानानं म्हणायचे.

आणि मुंग्या. हे लिहायला मला आजही संकोच वाटतो, पण त्याशिवाय अप्पा पुरे होत नाहीत. त्यांना साखरेचा आजार होता. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी गोळ्या दिल्या होत्या, रोज एक घ्या म्हणून सांगितलं होतं. अप्पांनी स्वतःची पद्धत काढली. सकाळी परसात जिथं लघवीला बसत, तिथं तासाभरानं जाऊन बघत. मुंग्या आल्या असतील तर गोळी, नसतील तर नाही. "मुंग्या खोटं बोलत न्हाईत. साखर मोजायच्या मशिनीला सेल लागतोय, मुंगीला काय लागतंय?" पावसाळ्यात मुंग्या फिरकत नसत, तेव्हा त्यांना वाटे आजार बरा झाला.

मी हे सगळं बघायची आणि गप्प राहायची. शाळा इंग्रजीत झाल्यामुळे घरचं मराठी माझ्या तोंडात जरा घडी घातलेल्या कपड्यासारखं होतं, वापरलं की सुरकुती पडेल अशी भीती वाटे. बीदरहून आईचा फोन आला की मी म्हणायची, "बरंय." जेवलीस का? बरंय. अभ्यास? बरंय. भिंतीपलीकडून अप्पा ऐकत असावेत. एकदा अक्कांना म्हणाले, "ह्या पोरीला एकच शब्द येतोय का काय?"

दुसऱ्या वर्षी मला प्रकल्प करायचा होता. विषय होता खेड्यातली वयस्कर माणसं स्वतःच्या तब्येतीकडे कशी बघतात. हातात छापील फॉर्म होता. 'तुमच्या मते तुमची तब्येत कशी आहे?' आणि पुढे पाच चौकोन, एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे फार चांगली. अनोळखी घरात जाण्याआधी सराव म्हणून मी अप्पांपासून सुरुवात केली.

प्रश्न ऐकून अप्पांनी आधी इकडेतिकडे बघितलं. समोरच्या कट्ट्यावर दोघं-तिघं बसले होते.

"असं चारचौघांत किंमत सांगत्यात व्हय?"

"मग कशी सांगायची, अप्पा?"

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. बैलाचा सौदा असाच होतो. घेणारा आणि हेडी टॉवेलाखाली हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात. वरून बघणाऱ्याला फक्त फडकं हललेलं दिसतं. मी हात पुढे केला नाही. कुणाचाही हात धरायची मला सवय नव्हती. अप्पा थांबले. बैल बुजला की थांबतात तसे, दुसरीकडे बघत. शेवटी मीच हात टॉवेलाखाली घातला.

"आता घे," अप्पा म्हणाले. "गुडघा, डावा."

माझं एक बोट दाबलं गेलं.

"डोळे."

दोन बोटं.

"दात." तीन. सहादातीला तीन म्हणजे अप्पांनी जरा हात आखडताच घेतला होता.

"आन उजवा पाय." पूर्ण पंजा, आणि वर एक झटका. "उजव्याला तोड न्हाई, माय. कवा दुखत न्हाई, कवा तक्रार न्हाई. डावा गुडघा रोज रडतोय, ह्यो गप आपलं काम करतोय. खूर झालाय त्येचा. बग."

मे महिन्यातली दुपार होती. अंगणातली शहाबादी फरशी अशी तापली होती की कोंबडीसुद्धा कडेनं जात होती. अप्पा उठले, पाच मिनिटं उजव्या पायावर भार देऊन त्या फरशीवर उभे राहिले आणि माझ्याकडे विजयी नजरेनं बघत राहिले. डावा पाय मात्र त्यांनी चपलेतच ठेवला होता.

कट्ट्यावरच्यांनी वाहवा केली. माझ्या मनात काहीतरी टोचलं. साखरेच्या आजारात पायाला कळेनासं होतं, एवढं मला माहीत होतं. पण मी काही बोलले नाही. फॉर्मवर पाचच्या चौकोनात खूण केली.

पुढचे पंधरा दिवस मी गावात घरोघर फिरले. आणि एका सोमवारी सकाळी, खोलीच्या दारात उभी राहून दात घासत असताना, मला ते दिसलं. अक्कांनी ओसरी नुकतीच पुसली होती. अप्पा न्हाणीघरातून बाजेपर्यंत गेले होते. फरशीवर त्यांची ओली पावलं उमटली होती. डाव्या पायाची नुसती पाण्याची. उजव्या पायाची पाण्याचीच, पण प्रत्येकात, अंगठ्याच्या मागे, एक तांबूस ठिपका. पाच पावलं, पाच ठिपके, सगळे एकाच जागी.

दारात त्यांची चामड्याची जाड चप्पल होती. मी उलटी करून पाहिली, मग आतून. तळाचा एक खिळा वर आला होता, नखाएवढा. त्याचं टोक काळं पडलं होतं. अप्पा त्या खिळ्यावरून किती दिवस चालत होते कोण जाणे.

मी चप्पल घेऊन अक्कांकडे गेले. बोलले काहीच नाही, नुसती दाखवली. अक्कांनी भाकरीचं पीठ तसंच टाकलं, जाऊन सासऱ्यांचा पाय उचलला आणि बघून खालीच बसल्या. जखम खोल होती. कडा पांढऱ्या पडल्या होत्या, आणि वास येत होता.

"मामा, उठा. गुलबर्ग्याला जायचं, आत्ता."

"कामून? दुखायलंय कुठं?"

"दुखत न्हाई म्हून तर!"

"आज सोमवार हाय. जू न्हाई. उद्या बघू."

"माझ्या बापाचं असंच झालं हो," अक्कांचा आवाज फाटला. "उद्या बघू, उद्या बघू म्हणत हप्ता घातला. आधी पाय गेला, मग माणूसच गेलं. तुम्हाला बी तसंच जायचंय का?"

"तुझा बाप कापूस इकत व्हता. त्येला खुरातलं काय कळतंय?"

हैदराबादला कामाला असलेल्या अप्पांच्या मुलाला अक्कांनी फोन लावून दिला. अप्पांनी तो कानाला लावला, "उद्या" म्हणाले आणि परत दिला. मग ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. अक्का ओट्यापाशी उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. हे सगळं आधीच्या पंधरा दिवसांत टळलं असतं, हे फक्त मला माहीत होतं. पाचच्या चौकोनातली ती खूण माझ्या हातची होती.

मी शेजारच्या रिक्षावाल्याला बोलावून आले. मग बाजेपाशी जाऊन उभी राहिले. मनात वाक्य जुळवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. बाहेर एकही आलं नाही. शेवटी मी अप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, माझ्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

अप्पा वळले. डोळे बारीक झाले. चाळीस वर्षांची सवय, समोर टॉवेल आला की हात आपोआप जातो.

त्यांचा हात तापला होता.

"उजवा पाय," मी म्हणाले.

त्यांनी पूर्ण पंजा दाबला. मी त्यांचं एक बोट दाबलं.

"काय गं, लई घासायलीस!" त्यांनी चार दिली. मी एक. "बाजारात असं गिऱ्हाईक आलं तर आम्ही चा बी पाजत न्हाई." तीन. मी एक. टॉवेलाखाली त्यांची बोटं माझी बोटं शोधत होती आणि मी एकाच बोटावर अडून होते. अक्का ओट्यापासून बघत होत्या, त्यांना फक्त फडकं हलताना दिसत होतं.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघू लागले. सौद्यात आकडा हातात असतो, पण खरं काय ते तोंडावर असतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. या वेळी मी मान खाली घातली नाही.

"एकच?" ते हळू म्हणाले.

"एकच. तेही आजच्या दिवसापुरतं." मग उरलेलं वाक्यही बाहेर आलं. "अप्पा, जखमी बैलाला सोमवारी दवाखान्यात नेतात की नाही?"

अप्पांनी उजव्या पावलाकडे एकदा बघितलं.

"नेत्यात," ते म्हणाले. "पर चालवत न्हाईत. गाडीत घालून नेत्यात."

"रिक्षा आलीय."

त्यांनी माझं एक बोट दाबलं. टॉवेल वर उचलला आणि झटकला. बाजारात टॉवेल झटकला की सौदा पक्का. मग ना घेणारा मागे फिरत, ना देणारा. अप्पांनी "एळो, एळ" म्हटलं आणि ते उठले.

गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली. पाय राहिला. अजून आठवडा गेला असता तर गुडघ्याखाली काही राहिलं नसतं, असं ते वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाले. अप्पांना बोटं गेल्याचं तेवढं वाटलं नाही जेवढं याचं वाटलं. "चारचौघांत किंमत फोडली बग त्यानं. शिकलेला माणूस!"

घरी आल्यावर त्यांना मऊ तळाच्या, खिळे नसलेल्या चपला मिळाल्या. त्यांना ते 'माझी नवी पत्री' म्हणत, बैलाच्या खुराला ठोकतात ती. उशाचा आरसा आता रोज संध्याकाळी जमिनीवर ठेवला जाई, आणि अप्पा एकेक तळवा त्यावर धरून बघत. गोळी रोजची झाली. मुंग्यांना रजा मिळाली. सोमवार मात्र सुटला नाही. गोळी सोमवारीही घ्यायची का यावर अक्कांशी दोन दिवस वाद चालला. शेवटी "गोळी म्हंजे पेंड, जू न्हाई," असा निवाडा अप्पांनीच दिला.

सगळ्यात मोठा बदल मात्र त्यांच्या मतात झाला. डाव्या गुडघ्याला ते आता शिव्या देत नसत. तेल लावताना त्याला थोपटत म्हणत, "ह्यो इमानी गडी. कुरकुरतोय, पर सांगतोय तर खरं." मग उजव्या पावलाकडे बघून, "ह्यो लबाड. गप बसणाऱ्यावर नजर ठेवाय पाहिजे." असं म्हणताना त्यांची नजर कधीकधी पावलावरून उठून माझ्या खोलीच्या दाराकडे यायची. मी पुस्तकात मान घालायची.

शिक्षण संपलं. मी सोमवारी निघणार होते, ते अर्थातच जमलं नाही. मंगळवारी सकाळी सामान दारात ठेवलं. अक्कांनी शेंगाचटणीचा डबा दिला, जवळ घेतलं. आईचा फोन आला. निघालीस का? मी म्हणाले, "बरंय."

अप्पा बाजेवर होते. त्यांनी मला फाटकापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मी गेले, आले.

"मान वर आली जरा," ते म्हणाले. मग त्यांनी टॉवेल हातावर टाकला.

"माझं सगळं तुला सांगितलो. आता तुझं सांग."

मला बरंय म्हणायचं होतं. पण टॉवेलाखाली शब्द चालत नाहीत. परीक्षा झाल्या होत्या तरी झोप लागत नव्हती. पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. घरी कुणाला हे सांगितलं नव्हतं. मी हात आत घातला आणि त्यांची दोन बोटं दाबली.

हेडी कधी किंमत वाढवत नाही. समोरच्यानं आकडा सांगितला की त्याचं काम खाली आणायचं, हे अप्पांनी मला कितीदा सांगितलं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग माझी तीन बोटं दाबली.

मी पुन्हा दोन दाबली. त्यांनी पुन्हा तीन.

मी काही बोलायच्या आत त्यांनी टॉवेल वर उचलला आणि झटकला.